एक भयंकर पुस्तक आणि मी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सातवीनंतर वडिलांनी शाळा बंद केली, अठराव्या वर्षी लग्न झाले आणि मी इचलकरंजीला आले. तेव्हापासून घर, मूल, आणि मागाच्या खात्यात जाणाऱ्या माणसांचे डबे, हेच माझे कॉलेज. तेव्हा बोलताना काही चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्या मंडळात यंदा असे ठरले की प्रत्येकीने एक पुस्तक वाचावे आणि त्यावर चार शब्द बोलावेत. कोणी संतचरित्र घेतले, कोणी आरोग्याचे पुस्तक घेतले, एकीने शिवणकामाचे घेतले. मी माझ्या पुस्तकाची हकीकत सांगितली तेव्हा काही जणी हसल्या. एक वडीलधाऱ्या बाई मला म्हणाल्या, "अगं, भुतंखेतं, राक्षस, कोळी, असलं काय वाचतेस? बायामाणसांनी संध्याकाळी मन शांत होईल असं वाचावं." त्यांचे म्हणणे मी मनात ठेवले आहे. त्याचे उत्तर शेवटी देईन. आधी पुस्तक माझ्याकडे कसे आले ते सांगते.

माझी थोरली लेक दोन वर्षांपूर्वी बारावीला एका विषयात नापास झाली. पोरगी बोलेनाशी झाली. जेवायला बसे, चार घास खाई आणि उठे. रात्री पांघरुणात दिवा घेऊन एक जाडजूड पुस्तक वाचत पडे. मला काळजी वाटली. आईचे मन वाईटच चिंतते. ती फेरपरीक्षेच्या क्लासला गेली असता मी ते पुस्तक मधूनच उघडले. उघडले ते नेमके असे पान की एका काळोख्या भुयारातली म्हशीपेक्षा मोठी कोळीण आहे, आणि ती एका लहानशा माणसाला नांगी मारून जाळ्यात गुंडाळते आहे. माझ्या अंगावर काटा आला. मी ते पुस्तक तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवले. म्हटले, पोरीचे डोके यानेच फिरले.

लेकीने संध्याकाळी घर पालथे घातले. शेवटी मी कबूल केले. ती रागावली नाही. म्हणाली, "आई, मधूनच कशाला उघडलंस? पहिल्यापासून वाच. मग तुला कळेल मी का वाचते."

म्हणून वाचले. दुपारी भांडी आवरली की चार-पाच पाने. सात महिने लागले. मराठीत उतरवलेले होते म्हणून जमले, तरी नावे जिभेवर बसायला महिना गेला. पुस्तकाचे इंग्रजी नाव 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', म्हणजे अंगठ्यांचा धनी. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यामुळे रोज वाचलेले मी त्यांना संध्याकाळी तांदूळ निवडताना सांगत असे. म्हणजे हे पुस्तक आमच्या घरात तीन बायकांनी वाचले असे म्हणायला हरकत नाही.

हे ज्यांनी लिहिले ते जे. आर. आर. टॉल्किन हे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड येथे प्राध्यापक होते. त्यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेत झाला. चार वर्षांचे असताना वडील वारले. आईने दोन मुलांना एकटीने वाढवले, घरी शिकवले. भाषांची गोडी त्यांना आईनेच लावली. ती माउलीही १९०४ साली मधुमेहाने गेली. तेव्हा इन्सुलिन निघालेले नव्हते. ते १९२२ साली पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. बाराव्या वर्षी मुलगा पोरका झाला. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होते. उवांमुळे येणारा ताप त्यांना आला, म्हणून मायदेशी परत धाडले आणि वाचले. शाळेपासूनचे त्यांचे चौघा मित्रांचे टोळके होते. त्यातले दोघे त्याच वर्षी मारले गेले.

मी हे मुद्दाम सांगते आहे. त्यांच्या पुस्तकात एक दलदल आहे. तिथे जुन्या लढाईतले मेलेले लोक पाण्याखाली दिसतात, आणि पाण्यावर मेणबत्त्यांसारखे दिवे हलतात. त्यांच्याकडे पाहत राहिले तर माणूस आत ओढला जातो. मला वाटले होते की हे सगळे मनाचे खेळ. पण लेकीने सांगितले, त्या दलदलीत सोमच्या लढाईनंतरच्या मुलखाचा काही अंश आहे, असे लेखकाने स्वतःच एका पत्रात लिहिले आहे. म्हणजे काळोख त्यांनी हौसेने रंगवलेला नाही. पाहिला होता, तो लिहिला.

पुस्तक त्यांनी १९३७ साली सुरू केले आणि ते १९५४ व १९५५ साली तीन भागांत छापून निघाले. सतरा-अठरा वर्षे! नोकरी होती, चार मुले होती, मध्ये दुसरे महायुद्ध झाले. टायपिस्टला द्यायला पैसे परवडेनात म्हणून एवढे थोरले बाड त्यांनी स्वतः टाइप केले. हे ऐकून मला फार बरे वाटले. आपण म्हणतो, घरच्या व्यापातून वेळ मिळत नाही. त्यांनाही तो मिळालेला नव्हता, काढलेला होता.

आता कथेतले जग. हॉबिट नावाची लहान चणीची माणसे आहेत, उभी राहिली तर आपल्या कमरेला लागतील एवढी. शायर नावाच्या हिरव्यागार मुलखात टेकड्यांच्या पोटात गोल दाराची घरे करून राहतात. शेती करतात, बागा करतात, मिळाले तर दिवसातून सहा वेळा जेवतात आणि अळंब्यांसाठी जीव टाकतात. कोण कोणाचा मावसभाऊ आणि कोणाची सोयरीक कुठे, हा त्यांचा आवडता विषय. मी सासूबाईंना म्हटले, ही तर आपलीच माणसे!

पुस्तकाला नकाशे जोडलेले आहेत. शेवटी वंशावळी आहेत, राजांच्या सनावळ्या आहेत, लिप्या आहेत. आपल्याकडे हेळवी येतात. पूर्वी बैलावर बसून येत. ते वही उघडून आपल्या खापरपणजोबांपासून नावे वाचून दाखवतात, कोण कोणत्या गावाहून उठून कुठे गेला ते सांगतात. हे लेखक म्हणजे त्या सगळ्या जगाचे हेळवी. त्यांनी आधी भाषा रचल्या, आणि मग त्या भाषा बोलणारी माणसे आणि त्यांचा इतिहास रचला. त्यामुळे वाचताना वाटत नाही की हे खोटे आहे. वाटते की हा मुलूख कुठेतरी आहे, आपण तिथे गेलो नाही एवढेच. आणि मुलूख खरा वाटला की भीतीही खरी वाटते.

भीती कशाची, तर एका साध्या सोन्याच्या अंगठीची. सॉरॉन नावाच्या दुष्टाने ती घडवली आणि आपले बळ तिच्यात ओतले. बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो. पण ती अंगठी माणसाला धरते. ज्याच्याजवळ असते त्याला ती टाकवत नाही. कोणी तिला हात लावू नये असे वाटते, मायेच्या माणसाचाही संशय येतो. दुसऱ्या नऊ अंगठ्या नऊ मोठ्या माणसांना मिळाल्या होत्या. ते सगळे हळूहळू विरून गेले, आणि उरले काळ्या झग्यातले नऊ घोडेस्वार. त्यांतला एक रस्त्यात थांबतो आणि कुत्र्यासारखा हुंगतो, आणि ही चिमुकली माणसे लपून श्वास रोखून बसतात. ते पान मी भर दुपारी वाचले तरी मागे वळून दार पाहिले.

ही अंगठी फ्रोडो नावाच्या हॉबिटाकडे येते. ती मोडायची तर जिथे घडली त्या मॉर्डोरमधल्या जळत्या डोंगरातच टाकायला हवी. म्हणून तो निघतो. बरोबर सॅम, त्याचा माळी. वाटेत मोरिया नावाचे जमिनीखालचे ओसाड शहर लागते. तिथे एक फाटकी, डागाळलेली वही सापडते. शहरातल्या शेवटच्या माणसांनी लिहिलेली. शेवटचे अक्षर तर नुसते ओढत गेलेले आहे, लिहिणाऱ्याचा हात तिथेच थांबला. आणि वाचणारे ते वाचत असतानाच खालून ढोल वाजायला लागतात! सासूबाई म्हणाल्या, "आज इथंच थांब. रातीला झोप यायची न्हाई."

पण माझी झोप ज्याने घालवली ते ढोल नव्हेत. तो होता गॉलम.

गॉलम पूर्वी स्मीगल नावाचा, हॉबिटांसारखाच एक मुलगा होता. त्याच्या वाढदिवशी मित्राला नदीच्या तळाशी ती अंगठी सापडली. स्मीगलने मागितली, मित्राने दिली नाही. त्याने मित्राचा गळा दाबला. पुढे तो चोऱ्या करू लागला, चुगल्या करू लागला. त्या घराची कर्ती एक आजी होती. घरात शांतता राहावी म्हणून तिने नातवाला घराबाहेर काढले. तो रडत रडत डोंगराकडे गेला आणि भुयारात शिरला. तिथे काळोखात कच्चे मासे खात, अंगठीशी एकटाच बोलत जवळजवळ पाचशे वर्षे राहिला.

हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांचे हात ताटात थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "मग त्या आजीनं पुन्हा कधी त्याचं नाव घेतलं का गं?"

मी म्हटले, "पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, आत्याबाई."

त्यानंतर आठ दिवस मी पुस्तक उघडले नाही. का, ते आता सांगते. तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊकच आहे. आपल्या गावात असल्या गोष्टी लपत नाहीत, फक्त तोंडावर बोलत नाहीत.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझे धाकटे दीर अकरा वर्षांचे होते. त्यांच्या शाळेचा डबा मी भरत असे. सोळाव्या वर्षी ते मागावर गेले. बारा-बारा तासांची पाळी, कानात रात्रंदिवस खडखडाट. सुटल्यावर सोबत्यांबरोबर गुत्त्यावर जाऊ लागले. आधी पगाराच्या दिवशी, मग रोज. काम सुटले. घरातला तांब्याचा हंडा गेला. मग एक दिवस सासूबाईंची बोरमाळ गेली. त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेर काढले. मी दारामागे उभी होते. एक शब्द बोलले नाही. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे झाले. तीन वर्षे ते देवळाच्या ओवरीत झोपत होते. दिसले की मी रस्ता बदलत असे.

आता पुस्तकात काय होते पाहा. फ्रोडोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोला भुयारात गॉलमला मारायची संधी आली होती. त्याला दया आली आणि त्याने मारले नाही. फ्रोडो हे ऐकून म्हणतो, मारला असता तर बरे झाले असते. तेव्हा गॅन्डाल्फ नावाचे वृद्ध ज्ञानी त्याला समजावतात की कोणाचा जीव घ्यावा हे ठरवायची घाई करू नकोस, त्या दयेवर पुढे पुष्कळांचे नशीब ठरेल. पुढे गॉलम खरोखरच समोर येतो. फ्रोडो त्याला जवळ करतो, त्याच्या जुन्या नावाने हाक मारतो. सॅमला हे पसंत नाही. तो रात्रभर एक डोळा उघडा ठेवतो.

भगिनींनो, मी त्यातली सॅम आहे. सॅम म्हणजे आपल्यातलीच बाई वाटते. तो पाठीवर भांडी घेऊन निघालेला आहे. जवळ मिठाची डबी आहे. शत्रूच्या मुलखाच्या तोंडाशी ससे मिळाले तर त्यात पाला-मसाला काय घालावा याचा विचार करतो. पुढे ओझे झेपेना म्हणून ती भांडी एका कपारीत टाकून द्यावी लागतात, तेव्हा त्यांचा खणखणाट ऐकून त्याचे काळीज तुटते. जिने स्वतःच्या हाताने संसार मांडला आहे तिला ते दुःख समजावून सांगावे लागत नाही. आणि सॅमचा संशयही खोटा नाही. गॉलम त्यांना त्या कोळिणीच्या तोंडी द्यायला निघालेलाच आहे. भाऊजींनी बोरमाळ नेली हे काय खोटे होते?

पण एका उंच जिन्यावर एक प्रसंग घडतो. सॅम आणि फ्रोडो थकून झोपले आहेत. फ्रोडोचे डोके सॅमच्या मांडीवर. गॉलम येतो, त्यांना पाहतो. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा कावेबाजपणा जातो. एखादा थकलेला म्हातारा दिसावा तसा दिसतो. तो हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. झाले. तो क्षण गेला तो गेला. पुन्हा आला नाही.

हे मी गणपतीच्या दिवसांत वाचले, आणि पुस्तक मांडीवर तसेच राहिले. कारण त्याआधी श्रावणात आमच्या घरी असे झाले होते. अचानक पावसाची सर आली. मी आत कणीक मळत होते. हात धुऊन बाहेर धावले तर भाऊजी सोप्यात उभे. हातात माझे लुगडे. मी ओरडले, "आता लुगडीबी विकायला निघालात काय?" ते काही बोलले नाहीत. लुगडे खाटेवर ठेवले आणि पावसात चालते झाले. मग मी पाहिले. दोरीवरचे सगळे कपडे काढून, घड्या घालून त्यांनी खाटेवर रचून ठेवले होते. लुगडे शेवटचे होते.

मी ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. यजमानांनाही नाही. पुस्तकाने मला माझाच जिना दाखवला.

तरीसुद्धा मला वाटे, दारू सोडणे काय अवघड आहे? मनात आणले की सुटते. याचेही उत्तर मला मिळाले. मला मिश्रीची सवय. वीस वर्षांची. डबी सदा कनवटीला. लेक म्हणाली, "आई, तू माझ्या अभ्यासाला नावं ठेवतेस, मग तू मिश्री सोडून दाखव." मी म्हटले, त्यात काय! डबीतली सगळी मिश्री मोरीत ओतली. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले. तिसऱ्या दिवशी धाकट्याला विनाकारण मारले. चौथ्या रात्री सगळे झोपल्यावर मी उठले आणि स्वयंपाकघरात अंधारात बसून रिकाम्या डबीचा कोपरा बोटाने खरवडला. आणि त्याच वेळी मला गॉलम आठवला. अंधारात एकटा, हातात ती वस्तू. मी मोठ्याने हसले आणि मग रडले.

पुस्तकात सॅमचेही असेच होते. मध्ये थोडाच काळ अंगठी त्याच्याजवळ राहते. पुढे डोंगरावर गॉलम त्याच्या तलवारीखाली सापडतो. आता सॅमला मारायला पाहिजे तेवढी कारणे आहेत. पण त्याचा हात उठत नाही. ते ओझे त्याने थोडा वेळ का होईना वाहिले होते, म्हणून त्याला ते कळले. बिल्बोला आणि फ्रोडोला जे आधी कळले ते सॅमला उशिरा कळले. मलाही उशिराच कळले.

शेवट ऐका. फ्रोडो जळत्या कड्यावर पोचतो, आणि अंगठी टाकत नाही! म्हणतो ती माझी, आणि बोटात घालतो. एवढा चांगला मुलगा, एवढे सोसलेला, आणि शेवटच्या पावलाला हरतो. मी चिडले. लेकीला म्हटले, हा काय शेवट? ती म्हणाली, "पुढं वाच." गॉलम झडप घालतो, त्याचे बोटच तोडून अंगठी घेतो, आनंदाने नाचतो आणि तोल जाऊन अंगठीसकट खाली पडतो. अंगठी संपते. म्हणजे बिल्बोने, फ्रोडोने आणि शेवटी सॅमने ज्याला जिवंत सोडले, त्याच्यामुळेच जग वाचले. एकट्याच्या निग्रहाने ते झाले नसते.

लेक नंतर म्हणाली, "मी नापास झाले तेव्हा मला हेच पान आवडलं, आई. तो हरला, तरी कोणी त्याला हरलेला म्हणत नाही." मग मला कळले की पोरगी रात्री पांघरुणात काय शोधत होती. ती फेरपरीक्षेत विषय सोडवून पास झाली. पण तो पुस्तकाचा चमत्कार नव्हे. अभ्यास तिने केला. पुस्तकाने तिला सोबत केली.

पुस्तकात एक उणेही आहे. बायका फार थोड्या. पण इओविन नावाची राजाची एक भाची आहे. सगळे लढायला जातात आणि तिला घर सांभाळायला सांगतात. ती पुरुषाचा वेष करून जाते, आणि त्या नऊ काळ्या स्वारांचा जो मुख्य, जो कोणाही पुरुषाच्या हातून मरायचा नाही, त्याला तीच मारते. त्या दिवशी सासूबाईंनी तांदळाच्या ताटावर टाळी वाजवली.

आता त्या वडीलधाऱ्या बाईंना उत्तर. अशी भीतीची पुस्तके आपण वाचावीत का?

मी म्हणते, आपण लहानपणापासून ती ऐकतच आलो आहोत. महाभारताची पोथी लागते तेव्हा अश्वत्थामा रात्री झोपलेल्या पोरांना मारतो तेही ऐकतो ना? तो कपाळावरची जखम घेऊन तेल मागत अजून हिंडतो, असे आपल्या आज्ज्या सांगत. फ्रोडोच्या जखमाही बऱ्या होत नाहीत. दर वर्षी त्याच तारखांना ठणकतात. गाव वाचते, पण त्याला गावात करमत नाही आणि शेवटी तो जहाजात बसून समुद्रापार निघून जातो. सगळे गोड झाले असे लेखक सांगत नाहीत. आपल्या घरांतही कुठे सगळे गोड होते? मनाला शांत करणारी पुस्तके चांगली आहेतच. पण ज्या घरात काळोख आहे तिथे नुसते 'शांत राहा' म्हणून भागत नाही. त्या काळोखात कोणीतरी आधी जाऊन आलेला आहे, एवढे कळले तरी हात धरल्यासारखे होते.

आणि पुस्तकाचा शेवट काळोखात नाही. फ्रोडोला निरोप देऊन सॅम संध्याकाळी घरी येतो. घरात उजेड आहे, चूल पेटलेली आहे, जेवण तयार आहे. बायको लेकीला त्याच्या मांडीवर देते. एवढी मोठी लढाई, राजे, डोंगर, आणि शेवटचे पान आपल्या स्वयंपाकघरातले. मला ते फार आवडले.

भाऊजींचे सांगायचे राहिले. दिवाळीत मी डबा घेऊन देवळात गेले. त्यांना त्यांच्या लहानपणच्या नावाने हाक मारली. श्रावणातल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते खाली बघत राहिले. डबा मात्र घेतला. हल्ली अधूनमधून येतात, सोप्यात बसून जेवतात. मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. दोनदा आले, तिसऱ्यांदा आले नाहीत. पुन्हा विचारणार आहे. कपाटाची किल्ली माझ्या कमरेलाच असते, ती मी खाली ठेवत नाही. दया केली म्हणून डोळे मिटावेत असे मला वाटत नाही. माझी मिश्री सुटून दीड महिना झाला, मध्ये दोनदा घसरले. सासूबाई त्यांच्याशी बोलत नाहीत. पण ते येतात त्या दिवशी ताटात एक भाकरी जास्त असते. ती कोण ठेवते, ते मी विचारत नाही.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. आपल्या कपाटात पुस्तके घेताना दोन-चार अशीही घ्यावीत. ज्या बाईला भीती वाटेल तिने दुपारी वाचावीत, आणि वाचलेले कोणाला तरी सांगावे.